जुनं माप

संक्रांतीच्या आधी महिनाभर
माझं मशीन पांढरंच शिवतं.
शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे कोट
दोरीवर थांबतात.
बाराबंद्या फक्त.
प्रत्येक बंद दोनदा टिपलेला,
कारण काठी कंबरेला आली की पहिला ताण
बंदावरच येतो.

वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची, वडिलांच्या हातची.
छाती, बाही, गळा.
कोण यंदा सरावाला उतरला, कोण सुटला,
कोनापुऱ्यांच्या धाकट्याची बाही
एका वर्षात तीन इंच कशी पुढं गेली,
मला घरच्यांआधी कळतं.

मी स्वतः नंदीध्वजाला कधी कंबर लावली नाही.
आमचा नेम सुईचा: या नगांची शिलाई घ्यायची नाही.
अडुसष्ट लिंगांना तेल लागतं त्या दिवशी
मीही मशीनला तेल घालतो,
एक थेंब जास्तीचा.

परवा रात्री सरावावरनं रेवणसिद्ध आला,
त्या धाकट्याचा बाप.
चहा नको म्हणाला. कधी म्हणत नाही.
टेप टाकली. छत्तीस.
वहीत बेचाळीस.
पुन्हा टाकली.
टेप खोटं बोलत नाही,
त्या रात्री वाटलं, बोलावं.

"काय लिहालास?"
"काय नाही अजून."
"मग जुनंच ठेव की.
बत्तीस वर्षं त्याच मापानं गेलोय,
देवाला वळख पटाया पाहिजे."

खिशात दवाखान्याचा कागद होता,
घड्या घालून घालून फडक्यासारखा मऊ.
त्यानं काढला नाही. मी विचारलं नाही.

शिवली. बेचाळीस.
फक्त खांद्याच्या आतल्या अंगाला
एक बारीक चूण दाबली, घसरू नये म्हणून.
तेवढं खोटं माझं.

अक्षतेच्या दुपारी संमती कट्ट्यापाशी
माणसावर माणूस.
कुंभाराच्या लेकीचं योगदंडाशी लगीन,
दरवर्षी तेच, आणि दरवर्षी सगळे
मुहूर्त चुकेल म्हणून पळत आलेले.
सात काठ्या डोक्यांवरनं डुलत आल्या.
लोक वर बघतात. मी शिवण बघतो.

वजन धाकट्याच्या कंबरेवर होतं,
दात आवळलेले, बाही बरोबर मनगटापाशी.
मागं रेवणसिद्ध.
तळ्याकडनं वारं सुटलं
आणि त्याची बाराबंदी भरून आली,
घटकाभर बेचाळीस.
त्यानं काठीला तळहात लावला.
उचलली नाही. लावला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

माझ्या अक्षता मुठीतच राहिल्या,
घामानं भिजल्या, हळद बोटांना लागली.
टाकल्या तेव्हा लोक परतायला लागले होते.

गड्डा उठला.
होम मैदानावर पाळण्यांचे खड्डे तेवढे उरलेत.
मशीनवर परत खाकी.
मधूनच एखादा पांढरा दोरा दात्यात अडकतो,
चिमट्यानं ओढून काढतो.

वहीत रेवणसिद्धच्या नावापुढं
यंदाचा रकाना कोरा आहे.
पेन्सिल कानावरच असते.