फळा पुसल्यानंतर

चोमाच्या कार्यशाळेत वीज गेली
आणि पडद्यावरचा मेंदू विझला.
लुसाकाहून आलेल्या हचिलेका सरांनी मग
कुणाच्या तरी बाजारच्या पिशवीतला कोबीचा गड्डा मागून घेतला,
टेबलावर ठेवला, म्हणाले, समजा, हा मेंदू.
आम्ही हसलो.
मग म्हणाले, वह्या मिटा,
आणि पहिल्या तासात मी काय सांगितलं ते लिहा.

पन्नास शिक्षक. वर पत्र्यावर
कबुतरांची नखं वाजत होती, तेवढाच आवाज.
मी तीन ओळी लिहिल्या.
त्यातल्या दोन चुकीच्या.
तिसरी होती: चहा अकरा वाजता.

बावीस वर्षं मी म्हणत आले
की ही पोरं म्हणजे पालथे घडे.
त्या दुपारी कोबीसमोर
माझाच घडा पालथा निघाला.

सर म्हणाले, नुसतं ओतून साठत नाही.
आतलं ओढून वर काढावं लागतं,
आणि प्रत्येक ओढीला दोर पक्का होत जातो.
मध्ये थोडं विसरूही द्या त्यांना.
पाणी जरा खोल गेल्याशिवाय
हाताला ओढ कळत नाही.

सोमवारी सहावीचा वर्ग. चौसष्ट पोरं. जलचक्र.
समुद्र, वाफ, ढग, बाण, सगळं रंगीत खडूंनी काढलं
आणि कुणाचं उतरवून व्हायच्या आत
पुसून टाकलं.
एकच बोंब उठली.
टीचर, माझा ढग अर्धाच राहिला! चिपेगो ओरडला.
म्हटलं, उरलेला डोक्यातून आण.

पहिले आठवडे वाईट गेले.
वाफेच्या जागी धूर आला,
एका वहीत नदी डोंगर चढून गेली.
पूर्वी अशा वेळी माझा हात छडीकडे जायचा.
भ्यालेलं पोर आतून कडी लावून घेतं,
हेही सरांनी सांगितलं होतं,
पण ते मला आधीपासून माहीत होतं.
माहीत असून मी मारत होते.
हे इथे लिहून ठेवते.

छडी आता टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून बांधली आहे.
यंदा फळ बरं धरलंय.

मग एक दिवस न सांगता इन्स्पेक्टर आले.
फळा कोरा. वह्या मिटलेल्या.
चौसष्ट पोरं छताकडे डोळे लावून,
ओठ पुटपुटतायत, कुणी हवेत बाण काढतंय.
त्यांनी शेऱ्यात लिहिलं: अध्यापन चालू नव्हते.
हेडमास्तर सियामविझा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
समजावून सांगणार होते,
पण सुरुवात कोबीपासून करावी लागली असती.

पाच आठवड्यांनी हातपंपावर रांगेत उभी होते.
पुढे चिपेगो. धाकट्या बहिणीच्या डोक्यावर
बादली चढवून देताना तिला सांगत होता,
सांडलं तरी रडू नकोस गं,
हे पाणी आधी ढगच होतं,
परत वर जातं, त्याला वाट माहीत असते.
कुणी त्याला विचारलं नव्हतं.
मी मागे उभी आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.
त्याचा ढग पुरा झाला होता.

आता मीही रोज रात्री दिवा मालवला
की हजेरीपट न उघडता चौसष्ट नावं म्हणते.
काल त्रेसष्टांवर अडले.
एक नाव जिभेवर होतं, ओठांवर येईना.
हजेरीपट उशाशीच होता.
हात लावला नाही.
झोपेत मेंदू दिवसाचा पसारा आवरतो म्हणतात.
आवरू दे, म्हटलं, आणि कूस बदलली.

पहाटे चुलीतली राख काढताना
ते आपणहून आलं.
ट्वाम्बो.
शेवटचा बाक, खिडकीखाली.
वर्ष संपत आलं,
मी तिला अजून एकही प्रश्न विचारलेला नाही.