आठ दिवसांसाठी

वडगावात, आमच्या सहा मागांच्या शेडात,
चौथ्या मागाखाली
तुटक्या सुताच्या गुंत्यात तीन पिल्लं निघाली.
डोळे चिकटलेले.
आईची दोन दिवस वाट बघितली, मग फोन केला,
न्या म्हणून.
स्नेहल मुतकेकर आली स्कूटरवर, मागं क्रेट बांधून.
"काका, माझ्याकडंच अकरा हायत.
आठ दिवस ठेवा. घर बघूलालोय आम्ही."

त्याला तीन वर्षं झाली.
पिल्लं बदलली. आठ दिवस तेच आहेत.

पहिल्या तिघांतलं एक गेलं.
परसात कढीपत्त्याखाली पुरलं,
आणि त्या महिन्यात बायकोनं आमटीत कढीपत्ता घातला नाही.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

येतात ती कुठून कुठून.
काकतीच्या हायवेवरून, खानापूर रोडच्या गटारीतून,
एक तर कोर्टातून आलं,
वकिलाच्या काळ्या कोटात गुंडाळून.
गाईचं दूध द्यायचं नाही, डब्यातली पावडर कोमट पाण्यात,
दर दोन तासांनी, ड्रॉपरनं.
मी रात्रपाळीचाच माणूस.
कांडी संपली की बदलायची, पोट रिकामं झालं की भरायचं.

बायको म्हणाली, नाव ठेवू नका हां.
नाव ठेवलं की मांजर घरचं होतं.
म्हणून मी सुताचे नंबर दिले, चाळीस, साठ, ऐंशी.
जेवढं सूत बारीक तेवढा नंबर मोठा.
सगळ्यात बारीक होतं ते शंभर.
हाक मारली, "ए शंभर,"
आणि त्यानं मान वळवली.
झालं, नावच झालं की ते.

शंभरला घर मिळालं सदाशिवनगरात.
अंगडी टीचर, कन्नड शाळेतून रिटायर, एकट्याच.
मी जाऊन बाल्कनीची जाळी ओढून बघितली,
मागचं दार बघितलं, पाण्याची टाकी उघडी आहे का विचारलं.
परत येताना बायको रिक्षात म्हणाली,
पोरगी देताना एवढं बघितलं नव्हतं तुम्ही.

तिसऱ्या रात्री एक वाजता फोन.
"परशराम, मरी निद्दीच माडवल्दु.
रात्रभर भिंती हुंगतंय. काय दुखतंय काय की."
दूध पितंय? पितंय. शी? झाली. ताप? नाही.
आवाज काय आहे घरात?
"काहीच नाही," टीचर म्हणाल्या, "छान शांत आहे."

तेव्हा डोक्यात उजेड पडला.
याचे कान उघडले तेच धोट्याच्या खटखटीत.
रात्र म्हणजे सहा माग चालू.
शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय.
आमचंही तसंच की,
माग थांबला की झोपलेला माणूस उठून बसतो.

मी फोन चौथ्या मागावर ठेवला
आणि कांड्या बदलत राहिलो.
वीस मिनिटं झाली असतील.
टीचर मधे काहीतरी बोलल्या, ते कळलं नाही.
शेडात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही,
आम्ही ओठ बघून बोलतो,
आणि मराठी काय, कन्नड काय,
ओठांवर फार फरक पडत नाही.
खरं फोनला ओठ नसतात.

सकाळी फोटो आला.
टीचरांच्या शिलाई मशीनवर शंभर, पोट वर करून.
खाली लिहिलेलं, मशीन दोन तास चालवलं, रिकामंच.
पाय दुखूलालेत.

काल दुपारी करंट गेला.
सगळे माग एकदम गप्प.
मी खोक्याकडं कान लावला, सवयीनं.
खोकं धुऊन उन्हात पालथं घातलेलं,
आत काहीच नव्हतं.
बायको दारातून म्हणाली,
स्नेहलला फोन करू नका आता. जरा आठ दिवस तरी.
करत नाही, मी म्हटलं.
खरं पावडरचा डबा अर्धा हाय अजून.