दोन ठोक्यांच्या मधे

एल आल्तोत पाणी लवकर उकळतं,
बटाटे मात्र शिजता शिजत नाहीत.
हवाच विरळ. मी सखल मुलखातली,
अकरा वर्षं झाली, तरी दवाखान्याचा जिना चढताना
मधल्या पायरीवर थांबते,
पिशवीत किल्ली शोधत असल्याचं नाटक करत.

बासिलिया थांबत नाही.
तिच्या कितीतरी पिढ्या याच उंचीवर श्वास घेत आल्या.
दोन जिवांची, घागऱ्यावर घागरे,
तीन मजले चढून आली, हॅट खुंटीला अडकवली,
म्हणाली, बूट होत नाहीत आठवडाभर.
आणि डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात,
शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे उडतात तशा.

कफ फुगवला. एकशे अडुसष्ट, एकशे दहा.
पुन्हा फुगवला. यंत्रं कधीकधी खोटं बोलतात.
हे बोललं नाही.

अंधाऱ्या खोलीत तिच्या पोटावर जेल लावते,
हीटरवर कोमट केलेलं, तेवढंच माझ्या हातात,
आणि मोजते:
डोकं एकतीस आठवड्यांचं,
मांडीचं हाड एकोणतिसाचं,
पोटाचा घेर सत्ताविसाचा.
एकाच बाळाची तीन वयं.

पोटाला चिमटा काढून पोरं वाढवणाऱ्या बाया
या वस्तीत मी रोज पाहते.
हे पोर जन्माआधीच स्वतःच्या पोटाला चिमटा काढतंय.
जे काही थोडंथोडकं येतं
ते आधी डोक्याला, मग हृदयाला.
यकृताला म्हणतं, उद्या बघू.

आवाज लाव, बासिलिया म्हणते.
मी नाळेवर प्रोब धरते.
पडद्यावर शिखर, दरी, शिखर, दरी.
धडधाकट नाळेत दरीतूनही रक्त वाहतं.
इथे दरी तळाला टेकलेली,
दोन ठोक्यांच्या मधे काहीच पुढे जात नाही.
मी अजून बोललेही नव्हते.
ती घागऱ्यांच्या चुण्या शिवते, दिवसाला चौदा तास मशीनवर.
मान कलती करून म्हणाली,
मधे टाका सुटतोय.

एउस्ताकियो मिनीबस रस्त्यात आडवी लावून वर आला होता.
शनिवारपर्यंत उतरेल ना प्रेशर, त्याने विचारलं,
भावाचं लग्न आहे.
डॉक्टर तिकोना त्याच्या शेजारी बाकावर बसल्या.
दुखणं वारेत आहे, म्हणाल्या,
वार निघाल्याशिवाय ते निघायचं नाही,
आणि निघालं तरी लगेच नाही.
खालून हॉर्न वाजत राहिले.

बाळाच्या फुप्फुसांसाठी एक इंजेक्शन आज, एक उद्या.
मधे एक रात्र.
शिरेतून मॅग्नेशियम गेलं तेव्हा ती म्हणाली,
कुणीतरी आत चूल पेटवली.
माझी पाळी संपली होती. गेले नाही.
कागदाची पट्टी सरकत होती,
एकशे बेचाळीस, एकशे अडतीस,
नव्वद,
नव्वद,
एकशे चौतीस.
माझा श्वास जिन्यात अडकतो
तसा त्या दोन नव्वदांत अडकला.

दुसऱ्या इंजेक्शननंतरच्या पहाटे मुलगी झाली.
एक हजार नव्वद ग्रॅम,
बाजारात वाळवलेल्या बटाट्यांची पुडी मिळते, तेवढी.
रडली, बारीक कापड फाडावं तशी.

आता ती चार वर्षांची आहे. नाव वारा.
आयमारात त्याचा अर्थ तारा.
हृदय जरासं गोल आहे,
असायला हवं त्याहून.
उपाशी दिवसांत त्याने आपल्या भिंती वळवून घेतल्या,
पोटभर मिळू लागल्यावरही
अजून सरळ केलेल्या नाहीत.
वर्षातून एकदा आणा, मी सांगते.
आवाज लाव, आता वाराच म्हणते.
बासिलिया मान कलती करते. पुष्कळ वेळ ऐकते.
काही न बोलता हॅट घालते.

तिचा स्वतःचा कफ बांधायचा राहूनच गेला.
मी मागोमाग धावले.
वारा खाली पोचलीसुद्धा होती.
मधल्या पायरीवर बासिलिया उभी,
एक हात भिंतीला,
दुसऱ्याने शालीच्या गाठोड्यात
किल्ली शोधत.