चिमटे

हाचालहून निघालो तेव्हा झोंडा सुटला होता,
डोंगरावरून खाली येणारा,
कुणी भट्टीचं दार उघडं टाकल्यासारखा.
फाल्कन बाबांची, चौसष्ट सालची.
सान हुआनला गिऱ्हाईक ठरलेलं, चारला पोचायचं.

तालाकास्तोच्या अलीकडे रुफिनोला लघवी लागली.
दोन मिनिटं. तेवढंच निमित्त.
मग किल्ली फिरवली तर स्टार्टर घरघरत राहिला,
इंजिन नुसतं ऐकून घेत होतं.

धावताना हिला काही होत नाही. थांबली की ताप चढतो.
पंखा थांबतो, वारा तुटतो,
आणि लोखंडात मुरलेली धग
सावकाश वर कार्ब्युरेटरला जाऊन भिडते.

रुफिनोनं प्लग काढला. ठिणगी होती, निळी, ठसठशीत.
टाकी निम्मी भरलेली.
पंपाची नळी सोडली तर आधी उसासा आला,
मग एक थेंब,
मग पुन्हा उसासा.
"कॉइल गेली," रुफिनो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "कॉइलच."

हात पुसायला फडकं शोधत मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला.
फडकं होतं. त्याखाली रबरबँड लावलेले
कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे.
एकवीस. मी मोजले.

दर उन्हाळ्यात आईचे चिमटे चोरीला जायचे.
शेजारच्या दोन्या ओतिल्याशी त्यावरून
अकरा वर्षं बोलणं बंद होतं.
बाबा तेव्हा मान खाली घालून
मातेचे घुटके घेत बसायचे.

नळीवर बोटाबोटाच्या अंतरानं दाबल्याच्या खुणा होत्या.
त्याच जागी मी एकेक चिमटा लावत गेले.
प्यायचं पाणी फडक्यावर ओतून पंपाला गुंडाळलं.
बॉनेट उघडंच.
"चिमट्यांनी काही होत नसतं," रुफिनो म्हणाला,
"ओल्या फडक्यानं होतं. नाहीतर थांबल्यानं."
असेल.

चाळीस मिनिटं आम्ही गाडीच्या सावलीत बसलो,
सावली पुरेना म्हणून गुडघे जवळ घेऊन.
बाबांबद्दल काही बोललो नाही.
मग पेडल तळापर्यंत दाबून किल्ली फिरवली.
खोकली, काळं ओकली, लागली.

गिऱ्हाइकानं बॉनेट उचललं आणि हसला.
"हे काय?"
"गाडीबरोबरच येतात," मी म्हटलं. "वीस आहेत."

एकविसावा माझ्या पर्समध्ये आहे.
जबड्याशी काळा पडलेला, पेट्रोलचा वास अजून जात नाही.
दोन्या ओतिल्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले.
हात वर गेला,
दार वाजवलं नाही.