आवाज आढळला नाही

डेव्हन हॅलोरन मला नावानं ओळखतो,
माझ्या गाडीला तिच्या शेवटच्या सात आकड्यांनी.
बाहेर क्लीव्हलँडचा फेब्रुवारी,
रस्त्यावरच्या मिठानं पांढरे पडलेले दरवाजे.
आत फरशी इतकी लख्ख
की माझ्या बुटांची मलाच लाज वाटते.

कॉफी घ्या. काकडीचं पाणी घ्या.
नमनालाच घडाभर तेल,
आणि तेही बिलात, सिंथेटिक, आठ लिटर.

मी सांगते : मागून, डावीकडून. गाडी थंड असताना.
चाळीस मैलांच्या आसपास.
एकदा टक्. मग श्वासभर काही नाही. मग टक्-टक्.
तो टॅब्लेटवर लिहितो :
ग्राहकाच्या म्हणण्यानुसार, आवाज.

एकतीस वर्षं मी काउंटी कोर्टात लघुलेखक होते.
खुनाच्या आरोपीचा खोकलासुद्धा टिपून घेतला,
कुणाच्या वाक्याला कात्री लावली नाही.
"नक्की आठवत नाही" म्हणणारे पाचशे तरी साक्षीदार
या बोटांतून गेले असतील.
ज्याला काही लपवायचं असतं
तो आधी वाक्यातून स्वतःला वजा करतो.

ब्रेक फ्लुइड बदलण्याची शिफारस केली जाते.
केबिन फिल्टर बदलण्याची शिफारस केली जाते.
आवाज आढळला नाही.

कुणी केली शिफारस?
कुणाला आढळला नाही?

चौदाशे ऐंशी डॉलर, कर वेगळा.
आणि वॉरंटी संपून सतरा दिवस झाले,
हे त्यानं असं सांगितलं
की मी जवळजवळ म्हणणार होते, फार वाईट झालं, घरचे कसे आहेत?

ही गाडी मी पेन्शनच्या पहिल्या वर्षी घेतली.
कुणी गेलं म्हणून नाही, कुणाला दाखवायला नाही.
(थोडी बहिणीला दाखवायला.)
शांतता हवी होती.
दार लावलं की जग बंद, असं विकणारा म्हणाला होता.
म्हणून तो टक्.

तिसऱ्या खेपेला शेजारच्या सोफ्यावर
उंटाच्या रंगाचा कोट घातलेला एक माणूस
बदली गाडीला सनरूफ नाही म्हणून ओरडत होता.
डेव्हन मान खाली घालून "बरोबर आहे सर" म्हणत होता,
सहा वेळा. मी मोजले, सवयच ती.
माझी पाळी आली तेव्हा त्याचे कान अजून लाल होते.

मी किल्ली उचलली. म्हटलं, चल. मी चालवते, तू बस.
असं करत नाहीत, मॅडम.
काचेच्या केबिनकडे त्यानं एकदा पाहिलं,
मग टॅब्लेट काउंटरवर पालथा ठेवला.

तळ्याकाठचा रस्ता. रेडिओ बंद, हीटर बंद.
आमच्या दोघांची वाफ काचेवर.
पस्तीस. अडतीस. पूल आला.
टक्.
आम्ही दोघंही श्वास घ्यायचं विसरलो.
टक्-टक्.

"मी ऐकला," तो म्हणाला.
या वाक्यात माणूस होता.

कशाचा आहे ते त्याला कळलं नाही.
मेकॅनिकलाही नंतर कळलं नाही.
परतताना तो स्वतःहून बोलला,
त्याच्याकडे मावशीची जुनी गाडी आहे, दोन लाख मैल झालेली,
ती सगळीकडूनच वाजते, म्हणून कुठूनच वाजत नाही.
मग सिग्नलला, खिडकीबाहेर बघत :
"कंपनीचा फोन येईल, गुण विचारतील.
नऊ दिले तरी आमच्याकडे शून्य धरतात."

फोन मंगळवारी आला. मशीनचा आवाज, गोड, कर्त्याविना.
माझ्या हिशेबानं ते सात होतं.
फार तर साडेसात.
मी दहा दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा
नोंदीत फेरफार केला.

आणखी काही सांगायचंय?
बीपनंतर मी सावकाश, स्पष्ट बोलले,
लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये असं :
आवाज अजून येतो.