हाकेचा फेरफार

डब्ल्यू, आठ, आणि पुढे तीन अक्षरं.
शेवटचं क्यू.
सरकारी पत्रात लिहिलं होतं, ही हाक आता तुमची.
नवी कोरी आहे, असं कुठंही लिहिलं नव्हतं.

अ‍ॅश्टाब्युलाच्या ग्रंथालयात, तळघरात
जुन्या कॉलबुकांची रांग आहे,
पानांना ओल्या पोत्याचा वास.
बुधवारी शाळेची बस गॅरेजात लावली की मी तिथं.
लोरेन शिक्का मारता मारता विचारते,
लागलं का कूळ?

तळाशी आर्ने किवेला, एकोणीसशे तेवीस.
तेव्हा डब्ल्यूसुद्धा नव्हता, नुसता आठ.
बाप खनिजाच्या धक्क्यावर फावडं मारायचा,
पोरगा पोटमाळ्यावर ठिणग्या पाडून
अख्ख्या गल्लीचे दिवे लुकलुकवायचा.
शेजारणीची तक्रार वर्तमानपत्रात सापडली.
त्याचा फोटो नाही.

माझ्या लगेच आधी स्टॅनिस्लॉस व्रोबेल, रेल्वेचा सिग्नलवाला,
सत्तेचाळीस ते अठ्ठ्याऐंशी.
त्याचा मनोरा अजून उभा आहे लॉन्ड्रीच्या मागे,
वेलाला आधार म्हणून.
मुलगा फोनवर म्हणाला, बाबा जेवतानाही
ताटावर चमच्यानं बोलायचे.
आम्हाला कुणाला शिकवलं नाही.
आणि फोन ठेवला.

मधली सात वर्षं
एम. ई. थॉर्नबरो.
नुसती आद्याक्षरं.
दोन वर्षं मी त्याला बुवा समजून चालले,
मिशा दिल्या, पाइप दिला,
आधी मोझेस म्हटलं, मग मिल्टन,
रविवारी दफनभूमीत शोधला,
गवत बाजूला करून, पुरुषांची नावं वाचत.

मग रेडिओवाल्यांच्या जत्रेत
बुटांच्या खोक्यात, दोन डॉलरला, एक कार्ड.
माझीच हाक, लाल शाईत,
मी जन्मायच्या आधीची.
केंटकीतल्या कुणा दंतवैद्याला लिहिलेलं:
"काल रात्री आपण मला 'बुवा' म्हणालात.
मी एकोणीस वर्षांची आहे.
इथं बर्फ गुडघाभर. आपला आवाज स्वच्छ. मर्टल."

मी गाडीत बसून एकटीच हसले.
मग ते रविवार आठवले.

तिला ऐकलेला एकच माणूस उरलाय,
क्लाइड मेसिक, सत्त्याण्णव, कॉनिऑटच्या वृद्धाश्रमात.
कान पार गेलेत.
त्यानं तळहात टेबलाला लावला,
मी बोटानं हाक वाजवली,
कडकट्ट, कडकट्ट, लाकडातून त्याच्या हाडांत.
नाही, म्हणाला. तिचा शेवटचा ठोका लांब असायचा.
कुणीतरी मागून येतंय म्हणून
दार धरून ठेवल्यासारखा.
पुन्हा वाजवली.
नाही.

पर्ल हार्बरनंतर सगळ्यांचे सेट बंद करवले.
मर्टल त्यापुढे कुठल्याच पुस्तकात नाही.
लग्न, आजार, दुसरं आडनाव, दुसरं गाव,
क्लाइडला काही ठाऊक नाही.
मी पंधराचा होतो, म्हणाला, रोज रात्री ऐकायचो,
उत्तर द्यायला माझ्याकडे परवाना नव्हता.
मग त्यानं आपलं पुडिंग माझ्याकडे सरकवलं,
त्याला ते आवडत नाही.

माझा हात आखूड आहे.
तीस वर्षं बसचं दार फटकन लावायची सवय.
तरी रात्री अकरानंतर, सरोवरावरून वारा सुटला की
क्यूचा तो ठोका मी जरा ओढते.
दुसऱ्याची सही गिरवल्यासारखं वाटतं.

गेल्या मंगळवारी नोव्हा स्कोशियाहून
कुणीतरी विचारलं,
कळ अडकतेय का तुमची?

हो, मी कळवलं,
जुनी आहे.