नव्वदपर्यंत

कार्डावरचे सगळे चौकोन भरले.
शेवटच्या गोळीला निर्मला परब स्वतः आली,
म्हणाली, झाला कोर्स, सुटलास.
एक्केचाळीसचा त्रेपन्न किलो झालो.
सर्जेकोटच्या बंदरावर जो तो म्हणतो,
"बरो झालंस मां लवू! गालार मांस इलां."
गालावर आलंय. खरं आहे.

बंदरापासून घरापर्यंत
चिऱ्याच्या सदतीस पायऱ्या.
पूर्वी कधी मोजल्या नव्हत्या.
आता एकोणिसावीवर बसतो,
चपलेत वाळू गेली असं दाखवून.

ओरोसला त्यांनी तोंडात नळी दिली.
फुंका काका, फुंका फुंका, अजून, अजून!
लेकीच्या वयाची पोर, माझ्यासाठी ओरडत होती
जसं शर्यतीत होडीला ओरडतात.
कागदावर रेघ चढली,
आणि लवकरच उतरली.
डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.
"जंतू मेलेत. हे पांढरं दिसतंय ना,
ते व्रण. ते राहणार."
मला तिथं जाळं दिसलं,
पंख्यात गुंडाळलेलं.

असली जाळी मी सोडवायचो.
कुणाचीही होडी अडकली की हाक यायची,
लवूक बोलवा.
दातात सुरी, छातीत हवा,
खाली हिरवट काळोखात नव्वदपर्यंत मोजायचो
आणि वर आलो की आधी शिवी,
मग श्वास.

आता बाटलीत पाणी, त्यात पपईच्या देठाची नळी,
सकाळ-संध्याकाळ बुडबुडे काढतो.
धूर नको म्हणून रोहिणीनं चूल
मागल्या पडवीत नेली.
माझं भांडं तिनं कधीच इतरांत मिसळलंय.
मीच त्यातून ते पोचा आलेलं शोधून काढतो.
का, ते सांगता येत नाही.

परवा जेरोनचा पंखा अडकला.
हाक आली नाही.
मीच गेलो. एकोणिसावीवर बसलो नाही,
उतरण होती.
जेरोनचा धाकटा, सतराचा असेल,
सुरी हातात धरून नुसता पाण्याकडे बघत होता.
दातात धर, म्हटलं.
पंख्याला पाठ करू नको. ओढू नको, काप.
तो गेला.

मी फळीवर ओणवा झालो
आणि मोजू लागलो, मोठ्यानं,
कुणी सांगितलं नसताना.
एक. दोन. तीन.
पस्तिसाला थांबावं लागलं.
खालून त्याचे बुडबुडे येत होते.
मी श्वास घेतला.
छत्तीस.